कामाचे पैसे द्या, मग प्रेरणेबद्दल बोला

“चार वर्षं फी भरली, लॅपटॉप घेऊन दिला, आणि आता म्हणतो सुचत नाही.” उपयोजित कलेची पदवी घेऊन घरी आलेल्या मुलांबद्दल हे वाक्य न्हावा-शेव्याच्या आसपासच्या गावांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते निमूटपणे ऐकवत नाही. जासई असो, करळ असो, सोनारी असो, वाक्य तेच आणि त्यामागून येणारे सल्लेही तेच. खरी आवड असती तर आपोआप सुचलं असतं. रोज एक पोस्टर करून टाकत जा, हात चालू राहील. इथे कंटेनरशिवाय आहे काय, मुंबईला जा. आणि काही झालं तरी त्या फ्लेक्सच्या दुकानात बसू नकोस, हात बिघडेल. सल्ले देणारे काका, मामा, कॉलेजातले सीनियर, सगळे भल्यासाठीच बोलतात. पण या साऱ्या सल्ल्यांच्या बुडाशी एकच समज आहे: मुलाचं काम थांबलं, कारण मुलाच्या आतलं काहीतरी आटलं. हा समज साफ चुकीचा आहे. बावीस-तेवीस वर्षांची मुलं तो खरा मानून स्वतःलाच नालायक ठरवतायत, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

आईबापांच्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. या पट्ट्यातल्या घरांची भातशेती आणि मिठागरं नवी मुंबईसाठी आणि न्हावा-शेवा बंदरासाठी गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जमिनीसाठी लढणाऱ्या उरणच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. २६ मे १९८९ला बंदर सुरू झालं आणि पोराला बंदरात चिकटवणं हे घरोघरचं ध्येय झालं. अशा घरातून एखादी मुलगी चित्रकलेची सीईटी देते, बी.एफ.ए. करते, याला आईबापांची छातीच लागते. त्यांची धास्ती खरी आहे. पण धास्ती खरी असली म्हणून निदान बरोबर ठरत नाही.

आता ‘खरी आवड’ घ्या. कॉलेजात ही मुलं रात्र-रात्र जागून काम करत होती ना? ती आवड खोटी होती का? मग निकाल लागल्यावर दोन महिन्यांत ती गेली कुठे? जरा आठवून बघा त्या कामाभोवती काय काय होतं. विषय ठरवून दिलेला होता. सबमिशनची तारीख भिंतीवर लावलेली होती. आधी रफ, मग लेआउट, मग फायनल, आणि प्रत्येक टप्प्यावर बघायला सर होते. रात्री दोन वाजता शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उठून येऊन सांगत होती, की तुझा ‘ळ’ बाकीच्या अक्षरांपुढे बुटका दिसतोय. पदवी हातात पडली आणि हे सगळं एका दिवसात संपलं. विषय देणारं कुणी नाही, वाट बघणारं कुणी नाही, ‘ळ’ बुटका आहे हे सांगणारं कुणी नाही. घरात उरला तो मुलगा, त्याचा लॅपटॉप, त्याच्या पडद्यावरचा कोरा पांढरा चौकोन आणि बाहेरच्या खोलीतून येणारा प्रश्न: “काय रं, जमतंय का नाय?” या परिस्थितीत भल्याभल्यांचा हात थांबेल. त्याला तुम्ही आवडीची परीक्षा म्हणता?

ज्यांचे दाखले देऊन मुलांना टोचलं जातं, त्यांच्याकडेच पाहू. अच्युत पालव यांचं नाव नवी मुंबईत सुलेखन करणाऱ्या प्रत्येक मुलाला ऐकवलं जातं, आणि २०२५ला पद्मश्री जाहीर झाल्यापासून जास्तच. पण पालव जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर घरी बसून प्रेरणेची वाट पाहत होते, असं झालं नाही. उल्का या जाहिरात संस्थेची शिष्यवृत्ती होती, अभ्यासाला मोडी लिपीसारखा ठोस विषय होता आणि र. कृ. जोशींसारखा मार्गदर्शक होता. पुढे देवनागरी आणि मोडीच्या मेळातून त्यांची मुक्तलिपी आली. पालवांची प्रतिभा त्यांचीच, ती कुणी दिली नाही. पण पदवीनंतरच्या त्या नाजूक वर्षांत तिला विषय मिळाला, बघणारा मिळाला आणि पैसेही मिळाले. आज जो काका पालवांचं उदाहरण देतो, तो यातलं काय पुतण्याला देऊ करतोय? निकाल त्यांच्यासारखा हवा, आणि त्यामागची व्यवस्था मात्र मुलाने एकट्याने आपल्या छातीतून काढायची, ही अपेक्षा कुठल्या न्यायाने?

किंवा अक्षरकार कमल शेडगे घ्या. टाइम्सच्या कलाविभागात नोकरी आणि नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं. ‘मत्स्यगंधा’पासून पुढे कितीतरी नाटकांची नावं मराठी माणसाला शेडग्यांच्या वळणातच आठवतात. ‘चंदेरी’, ‘षट्कार’ या मासिकांची शीर्षकंही त्यांचीच. ही अक्षरं कुठे जन्मली? वर्तमानपत्राच्या जाहिरातीतल्या मोजक्या सेंटिमीटरांत. प्रयोगाची तारीख ठरलेली, अंकाची वेळ ठरलेली, निर्माता दारात उभा. शेडग्यांना कुणी विचारलं नाही, आज तुमची आवड जागी आहे का. काम आलं होतं आणि ते उद्याच्या अंकात जायचं होतं. सुचणं हे पुष्कळदा कामाच्या पोटातून येतं. आधी सुचेल आणि मग काम सुरू होईल, हा क्रम ज्यांनी कधी पोटासाठी अक्षर काढलं नाही त्यांनी बनवलेला आहे.

रोज एक पोस्टर करायच्या सल्ल्याचं समर्थन करताना गायकाच्या रियाजाचा दाखला ठरलेला. पण रियाज ऐकायला गुरू असतो. चुकीचा स्वर लागला की तो थांबवतो, पुन्हा लावायला सांगतो. मोबाइलवर टाकलेल्या शंभर पोस्टरांना कुणी थांबवतं का? त्याला आवडल्याचे अंगठे मिळतात, तेही बहुतेक आपल्यासारख्याच काम शोधणाऱ्या मित्रांकडून. काल्पनिक चहाचा ब्रँड, काल्पनिक कॅफे, काल्पनिक चित्रपट. त्या पोस्टरवरून कुणी चहा विकत घेणार नाही, कुणी पत्ता शोधणार नाही, कुणाचा तोटाही होणार नाही. पंधरा-वीस दिवस हुरूप टिकतो, मग एक दिवस चुकतो, आणि त्या चुकलेल्या दिवसाची बोच मुलगा अपराधासारखी वागवतो. सरावाला माझा विरोध नाही. ज्या कामावर काहीच अवलंबून नाही, त्या कामाने कुणाची उमेद परत येते, हे मला मान्य नाही.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारा सल्ला. इथे आहे काय? मुंबईला जा.

जायला हरकत कुणाची आहे? १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू उघडला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली, न्हावा शेवा नावाचं स्टेशनही नकाशावर आलं. रस्ता सोपा झालाय. पण मुंबईत सुरुवातीला बिनपगारी किंवा प्रवासखर्चापुरत्या पैशांवर ‘इंटर्न’ म्हणून राबवून घेणाऱ्या कचेऱ्या कमी नाहीत, हे सल्ला देणारा सांगत नाही. आणि ‘इथे काही नाही’ हे वाक्य तर निव्वळ न बघण्यातून आलेलं आहे.

करळ फाट्यावर ट्रेलरची रांग लागते तेव्हा पुढच्या कंटेनरचा मागचा दरवाजा पाच मिनिटं नीट बघा. उजव्या दाराच्या वरच्या भागात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी, बहुधा चौकटीत, एक सुटा आकडा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, पॅरिसच्या संस्थेत नोंदवलेली. चौथं अक्षर सांगतं की हा मालवाहू कंटेनर आहे. सहा आकडे त्या डब्याचे स्वतःचे. आणि चौकटीतला आकडा राखणदार आहे: प्रत्येक अक्षराला ठरावीक किंमत देऊन, जागेप्रमाणे दुपटीने वाढत जाणाऱ्या संख्यांनी गुणून, बेरजेला अकराने भागलं की जी बाकी उरते, तिच्यावरून तो ठरतो. फाटकावर कुणी एक आकडा चुकीचा टिपला तर सहसा हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. या अक्षरांची उंची निदान १०० मिलिमीटर असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हाच क्रमांक छतावरही असतो, कारण क्रेनवाला वरून बघतो. आणि हे सगळं सपाट कागदावर नाही, पन्हाळ्या पाडलेल्या पोलादी पत्र्यावर. समोरून बघितलं तर कंपनीचं नाव अखंड दिसतं, रस्त्यावरून तिरकं बघितलं की प्रत्येक अक्षर पन्हाळीत बुडतं आणि पुन्हा वर येतं. म्हणून इथे नाजूक रेषेचं नाव टिकत नाही, जाड आणि मोकळं अक्षर लागतं. निळ्या चौकोनातला मर्स्क कंपनीचा सात टोकांचा पांढरा तारा रंग उडालेल्या डब्यावरही लांबून ओळखू येतो, तो का, याचं उत्तर शोधायला कुठल्या कॅफेत बसावं लागत नाही.

२०२४-२५ या वर्षात या बंदराने ७० लाख टीईयूहून (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप) जास्त कंटेनर हाताळले. म्हणजे ओळखचिन्ह, रंग, अंक, धोक्याच्या सूचना यांचं एवढं मोठं प्रदर्शन देशात क्वचितच कुठे भरत असेल, आणि ते आमच्या मुलांच्या दारातून रात्रंदिवस जातं. उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून आलेला ट्रेलरचालक रात्री दोन वाजता पावसात वळणावर येतो. यार्डचं फाटक कुठलं, हे सांगणारा फलक त्याला कुठल्या भाषेत हवा, किती मोठ्या अक्षरात हवा, वळणाच्या किती आधी हवा? शेवा गाव तर बंदरासाठी उठलं. त्या गावाची जुनी घरं, जुन्या वाटा नव्या पिढीला दाखवणारा नकाशा कसा असावा? करंजाच्या धक्क्यावर होड्यांवर एकवीरेचं नाव हाताने रंगवलेलं दिसतं; खाऱ्या हवेत आणि पाण्यात टिकेल असं ते वळण कुणी नोंदवून ठेवलंय का? हे सगळे खरे, हातात धरता येण्यासारखे विषय आहेत. मुलाला ते दिसत नाहीत, कारण लहानपणापासून त्याला सांगितलंय की कंटेनर म्हणजे धूळ, ट्रॅफिक आणि अपघात. त्या तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण कला तेवढी दक्षिण मुंबईत असते, हे त्याच्या मनात कुणी भरवलं?

फ्लेक्सच्या दुकानाबद्दल तर तावातावाने बोलणारे बहुतेक कधी त्या दुकानात तासभर बसलेले नसतात. मी बसलेय. संध्याकाळी सातला कार्यकर्ता येतो, उद्या सकाळी भाऊंचा वाढदिवस. दहा बाय आठचा बॅनर. व्हॉट्सअॅपवर मॅटर येतं, ते युनिकोडमध्ये. दुकानातलं काम कोरल ड्रॉमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर. चिकटवलं की रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. मुलगी सगळं पुन्हा टाइप करते. मग शुभेच्छुकांचे फोटो येतात, अडतीस. कुणाचा उन्हात काढलेला, कुणाचा लग्नातला, कुणाचा आधार कार्डावरचा. प्रत्येकाचं कटिंग, प्रत्येकाचा चेहरा शेजारच्याच्या मापाचा. सरपंच वर, माजी सरपंच त्याच्या बरोबरीने, पण किंचित खाली. युवक अध्यक्ष खाली, पण तो निधी देणारा, त्यामुळे फोटो लहान होता कामा नये. आणि या सगळ्यात भाऊंचा चेहरा पन्नास फुटांवरून, चालत्या रिक्षातून दिसला पाहिजे. कॉलेजात दृश्यांच्या चढत्या-उतरत्या क्रमावर अख्खं सत्र शिकवतात. त्याची याहून कठीण परीक्षा कुठली? इथे क्रम चुकला तर गुण कापले जात नाहीत, गावात भांडण होतं.

हे काम हात बिघडवतं म्हणे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतःच्या हाताने रंगवली. चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. ज्यांचं नाव आज मुलं आदराने घेतात त्या र. कृ. जोशींचं उमेदीचं आयुष्य जाहिरात संस्थांत गेलं. आयआयटीतलं अध्यापन आणि संगणकावर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट नंतरचा. यांच्यातल्या कुणाचा हात बाजारी कामाने बिघडला? बिघडतो तो दुर्लक्षाने. बॅनर बेकायदा चौकात लावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो लावणाऱ्याचा आहे. टाइप करणाऱ्या मुलीचा नव्हे. दुकानात बसलेल्या त्या मुलीला कुणी एकदा जरी म्हटलं असतं, की ही वेलांटी शिरोरेषेला नीट भिडत नाही, ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ वापरून बघ, मुंबईतल्याच ‘एक टाइप’च्या मंडळींनी केलेत आणि फुकट मिळतात, तर तिचा पुढचा बॅनर वेगळा झाला असता. पण तिला नातेवाईक एवढंच विचारतात, की अजून इथेच का?

आणि हल्ली यात एका भीतीची भर पडलीय: आता सगळं एआय करतं, तुझं काय काम? ज्याला माजी सरपंच आणि सरपंच यांच्यातलं अंतर किती ठेवायचं हे ठाऊक नाही, ते यंत्र त्या दुकानातलं काय करणार? चित्र काढून देईल, अक्षरंही काढील, जोडाक्षरं कधी चुकवील, उद्या कदाचित चुकवणार नाही. पण काय हवंय हे गिऱ्हाइकालाच माहीत नसतं, आणि ते त्याच्या तोंडून काढून घेणं हाच या धंद्याचा अर्धा भाग आहे. तो भाग जिवंत माणसांत राहूनच शिकता येतो.

मुलाची उमेद खरोखर कुठे मरते, ते आता सांगते. फ्लेक्समध्ये नाही, कंटेनरच्या धुळीत नाही. ती मरते “आपलाच पोरगा आहेस, एक लोगो करून दे” या वाक्यात. गावच्या क्रिकेट स्पर्धेला मंडपाचे पैसे दिले जातात, साउंडवाल्याला आगाऊ दिले जातात, चषकांचं बिल चुकतं होतं, यूट्यूबवर सामने दाखवणाऱ्याला दिवसाचा दर मिळतो. स्पर्धेचा लोगो, टी-शर्टची डिझाइन, बॅनर, प्रमाणपत्रं मात्र घरच्या पोराने फुकट करायची, तीही रात्रीत. हळदीला लाखांचा खर्च करणारं घर आमंत्रणाची डिझाइन “तुझ्या हातचा मळ” म्हणून मागतं. करून दिलं की सात जण सात बदल सांगतात, शेवटी कुणाचा तरी भाचा मोबाइलवर काहीतरी करून पाठवतो आणि तेच छापलं जातं. हे चार वेळा झालं की पाचव्या वेळी मुलगा म्हणतो, सुचत नाही. तो खरंच सांगतोय. ज्या कामाची कुणाला किंमत नाही, ज्याची मुदत नाही, ज्याचा शेवट कुणीतरी दुसराच करणार आहे, त्यात डोकं का चालावं? मंडपवाल्याला चार हंगाम पैसे न देता बोलावून बघा. पाचव्या हंगामात तो बांबू घेऊन येईल का? आला नाही तर त्याची मंडपाची आवड संपली म्हणाल का?

याच नवी मुंबईत एकेकाळी कलावंतांचा निराळा विचार झाला होता. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने बेलापूरला वास्तुकार चार्ल्स कोरियांकडून वसाहत उभारून घेतली, १९८०च्या दशकात, आणि तिला नावच पडलं आर्टिस्ट्स व्हिलेज. अंगण, झाड, शेजार, घर वाढवायची मोकळीक, हे सगळं आराखड्यात होतं. त्या वसाहतीचं पुढे काय झालं हा स्वतंत्र विषय आहे. पण कलावंताला जागा लागते, शेजारी लागतात, हे तरी तेव्हा कुणाला तरी कळलं होतं. आज त्याच नवी मुंबईच्या दुसऱ्या टोकाला मुलांना आपण काय देतो? प्रेरणादायी व्हिडिओची लिंक.

तेव्हा प्रेरणेवरचं प्रवचन बंद करा. तुमच्या घरात, गावात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर स्पर्धेच्या खर्चाच्या वहीत मंडप, साउंड, चषक यांच्या खाली ‘डिझाइन’ ही ओळ घाला आणि तिच्यापुढे आकडा लिहा. मंडपवाल्याला निम्मे आगाऊ देता, तसे त्यालाही द्या. काय हवंय ते एका कागदावर लिहून द्या, बदल सांगणारा माणूस एकच ठेवा, दोनदा बदल झाले की तिसऱ्याचे वेगळे पैसे धरा. ग्रामपंचायतीने स्वागतफलक करायचा ठरवला तर बाहेरच्या कंत्राटदाराला देण्याआधी गावातल्या या मुलांना बोलावून, मोबदला ठरवून, तीन नमुने मागवा. उरण-पनवेलच्या ज्या सीनियर मंडळींचा धंद्यात जम बसलाय, त्यांनी महिन्यातून एक रविवार सात-आठ मुलांची कामं टेबलावर मांडून, कुठे चुकलंय ते तोंडावर सांगावं. आणि मुलांनो, पुढचा काका लोगो मागायला आला की आधी दर सांगा. काका रागावेल. रागावू द्या.